सान्वीला कोण सांगणार

त्या रविवारी मी सान्वीकडे बघत बसले होते आणि आई माझ्याकडे.

सान्वी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सुदेशची मुलगी. पहिलीत जायला अजून वर्ष होतं. ती हॉलच्या फरशीवर बसून स्टीलच्या वाट्या एकीत एक घालत होती आणि मी मांडीवर कागद घेऊन ते टिपत होते. कॉलेजचं काम होतं. विमा कंपनीतली नोकरी सोडून, चाळिशी जवळ आलेली असताना, मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात बालक आणि किशोर विकास शिकायला लागले होते. पुढे कुटुंबांबरोबर, वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करायचं मनात होतं. त्यातला पहिला धडा म्हणजे नुसतं बघणं. मूल जे करतं तेवढंच लिहायचं. 'चिडली' लिहायचं नाही, 'वाटी फेकली' लिहायचं.

"नको गो बघू तिला अशी टक लावून," आई म्हणाली. "दिष्ट लागंल."

"अभ्यास आहे, आई."

"पोर बघायचा अभ्यास?" आई वालाच्या शेंगा सोलत होती. "दोन पोरा वाढवली मी. बघायला टाइम नव्हता मना. मिठागरान जायची तवा सुद्याला तुझ्या हवाली करून जायची."

"म्हणून मी असा झालेलो," सुदेश आतल्या खोलीतून ओरडला.

"तू कसा बी असाच झाला असतास," आई म्हणाली, आणि निशा, माझी भावजय, गॅसपाशी उभी राहून इतकी हसली की हातातला डाव आमटीत पडला.

संध्याकाळी आईने सान्वीची दृष्ट काढली. आमच्या घरात त्यासाठी मोहऱ्या-मिरच्या लागत नाहीत, मूठभर खडेमीठ पुरतं. मग ती मला म्हणाली, "आता तू बस."

"माझी कशाला?"

"कालेजातल्या पोरी बघत असतील, ही म्हातारी कोन आली म्हनून."

मी बसले. तिची मूठ माझ्या डोक्यावरून फिरली. मग मी सुकटीच्या चटणीचा डबा घेऊन डोंबिवलीला, माझ्या खोलीवर परत गेले. पोचल्यावर फोन केला. तिची मालिका चालू होती. "पोचलीस ना? बरा. ठेव आता," ती म्हणाली.

त्या दिवसात आणखी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निशाचा फोन आला आणि ती काही बोललीच नाही. तिच्या मागे लिफ्टचं दार उघडझाप करत होतं आणि कोणीतरी "खुर्चीत बसवा, खुर्चीत बसवा" म्हणत होतं. मी पोचले तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर सुदेश दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला होता. आईला हृदयाचा झटका आला होता. डॉक्टरांनी त्याला जे सांगितलं ते त्याने नंतर सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. मी एकही फोन केला नाही. कॉलेजला मी 'घरी अडचण' एवढाच मेसेज टाकला. भेटायला आलेल्या बायका रडायच्या, मी त्यांना पाणी द्यायचे. कोणी विचारलं, कसं झालं गं, तर मी निशाकडे बघायचे आणि निशा सांगायची.

सान्वी त्या वेळी शाळेत होती. निशाच्या भावाने तिला शाळेतूनच विठ्ठलवाडीला, तिच्या आजोळी नेलं. तेरावं झाल्यावर ती परत आली. आल्या आल्या आजीच्या खोलीत गेली. कॉट उभी करून भिंतीला लावलेली होती.

"आजी कुठाय?"

"आजी ना," निशा म्हणाली, "माझ्या गावाला गेलीय. संगमेश्वरला. तिकडे खूप काम निघालंय."

निशाच्या माहेरी असंच सांगतात. तिचं कुटुंब कोकणातलं. कोणी दिसेनासं झालं की मुलांना गावाची थाप मारायची, आणि मुलं मोठी होता होता विसरतात. आमच्याकडे ही सोय कधी नव्हतीच. आम्ही बाळकुमचेच. ज्या टॉवरमध्ये आम्ही राहतो तो आमच्याच शेतावर उभा आहे, आणि जुनं गावठाण मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. सुट्टीत 'गावाला' जाणारी वर्गातली मुलं मला लहानपणी फार भाग्यवान वाटायची. बोटीतून, एसटीतून कुठेतरी जाणारी.

सान्वीने मान डोलावली. मग विचारलं, "चप्पल न घालता?"

दाराशी आईची चप्पल होती. ती उचलायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी काही दिवस बाळकुमलाच राहायचं ठरवलं होतं. तिथूनच रिक्षा-बस करत कॉलेजला जायचे. सान्वी जेवेना. तिला आजीच भरवायची. निशाने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. चौथ्या की पाचव्या रात्री जेवताना सुदेशने आपला जुना फोन काढून ताटाशेजारी ठेवला.

"बघ, आजीचा फोन आलाय."

आणि आई बोलायला लागली.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. पहिल्या सत्रात एका प्रकल्पासाठी मी आईच्या तोंडून गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, घराघरांतून मुलांना काय काय सांगितलं जातं ते जमवायचं म्हणून. माझे प्रश्न मी मागाहून कापून टाकले होते आणि फाइली घरच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. त्या दुपारनंतर मी त्या उघडल्या नव्हत्या. उघडणारही नव्हते.

"तं काय झाला," आई म्हणाली, "एक पोर होती मिठागरान."

सान्वीचा चेहरा फुलला. निशाने घाईने घास तिच्या तोंडात घातला आणि तो गेला. माझे प्रश्न कापलेल्या जागी शांतता होती, आणि त्या शांततेत सान्वी बोलली.

"आजी, मी भात खाल्ला."

"हां," फोनमधून आई म्हणाली. "मंग?"

सुदेशने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते जमून आल्याचा आनंद झाला होता. मी ताट घेऊन उठले.

त्या रात्री सान्वी झोपल्यावर मी त्याला गॅलरीत गाठलं. "हे बंद कर, सुदेश."

"जेवली ना ती? पूर्ण ताट."

"तिला वाटतंय आई खरंच बोलतेय."

"वाटू दे. थोडे दिवस. विसरेल हळूहळू."

"मुलं विसरत नाहीत. ती आपल्या मनाने काहीतरी जुळवतात, आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. शिकवलंय आम्हाला."

"तुझं शिकणं कॉलेजात ठेव, ताई." त्याने आवाज चढवला नाही. गॅलरीच्या गजावर त्याने हात ठेवले. खाली मेट्रोच्या कामाचे दिवे आणि डंपरची रांग. "अण्णा गेले तेव्हा मला काय सांगितलेलं आठवतंय तुला? मोठ्या काकांनी उठवलं, म्हणाले, तुझा बाप मेला, चल, तू मुलगा आहेस. सात वर्षांचा होतो मी. हातात ते मडकं दिलं धुराचं आणि पुढे चालायला लावलं. मागे वळून बघायचं नाही. मला वाटलेलं, मी मागे बघितलं तर अण्णा उठून बसलेले दिसतील."

मला आठवत होतं. त्यानंतर तो बोलायचाच थांबला होता. शाळेत नाही, घरी नाही. पावसाळा संपून दिवाळी आली तरी नाही. आई त्याला घेऊन कुठल्या कुठल्या देवळांत फिरली, आणि मग एक दिवस त्याने कुत्र्याला हाक मारली.

"सान्वी अशी झाली तर?" तो म्हणाला. "तुझी मॅडम येणार आहे का तिला बोलतं करायला?"

मी जे वाचलं होतं त्यावरून, सुदेशला सांगितल्याने इजा झाली नव्हती. ज्या तऱ्हेने सांगितलं आणि नंतर एकट्याला सोडलं, त्याने झाली. पण वाचलेलं एक आणि समोर उभा असलेला भाऊ एक. मी चुकीची ठरले तर? सान्वीच्या तोंडून शब्दच निघेनासा झाला तर? आणि तिला सांगणार कोण? निशाला नवऱ्याची भीती, नवऱ्याला त्या मडक्याची. राहिले मी.

त्याच आठवड्यात वर्गात नेमका तो विषय आला. मॅडमना माझ्या घरचं माहीत नव्हतं. अडचण म्हणजे काय ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं. लहान मुलाला मृत्यू कसा सांगायचा. सोप्या, थोड्या शब्दांत सांगा, त्या म्हणाल्या. झोपली म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. प्रवासाला गेली म्हणू नका, मूल वाट बघत राहतं. आणि तो शब्द टाळू नका. आपण माणसाच्या बाबतीत तो शिवीसारखा वापरतो म्हणून जीभ अडखळते, पण मुलाला तो शब्द ओळखीचा असतो.

मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला विकी आला. कोपरीचा मुलगा, बाविशीचा, पुढे बालगृहात काम करायचं म्हणून शिकत होता. सगळ्यांत मोठी म्हणून मला ताई म्हणायचा आणि माझा डबा खायचा. तो बाकावर मांडी घालून बसला, अंगठा तोंडात घातला.

"ताई, मी पाच वर्षांचा. माझी आजी आऊट झाली. चला, सांगा."

मागच्या बाकावर हसू फुटलं.

"तुझी आजी," मी म्हणाले, "खूप आजारी होती."

"मग?"

"मग तिला हॉस्पिटलमध्ये नेलं."

"मग? इंजेक्शन दिलं? बरी झाली?"

"नाही. ती..."

विकी वाट बघत राहिला. मग त्याने अंगठा तोंडातून काढला. "ताई? अरे यार, ताई, बसा. सॉरी, मस्करी केली. पाणी आणू?"

मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी तो शब्द नुसत्या ओठांनी म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले. आवाज आला नाही.

पुढच्या दिवसांत मी सान्वीकडे पुन्हा बघायला लागले, दिसेल तेवढंच. तिने अंथरूण ओलं केलं. निशा बाथरूमला गेली तर ती दाराबाहेर बसली. सुदेश ऑफिसला निघताना तिने त्याची चप्पल लपवली, आणि शोधाशोध करून तो शेवटी बूट घालून गेला तेव्हा ती जोरात रडली. झोपेत दात खाऊ लागली. रोज जेवताना फोन लागायचा. आधी ती खूप बोलायची, मग प्रश्न विचारायला लागली. "आजी, तिकडे कोण आहे?" "आजी, तुला मी दिसते का?" आवाज गोष्ट सांगत राहायचा. कधीकधी तो बरोबर जागी 'हां' म्हणायचा, कधी नाही. 'हां' आला नाही की सान्वी फोन उलटा करून मागची काच बघायची.

मग तिने प्रश्न विचारायचे थांबवले. ती नुसती ऐकू लागली. फोन कानाला घट्ट दाबून, डोळे मिटून. हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. ती काहीतरी ठरवत होती आणि ते काय, हे मला कळत नव्हतं.

गोष्टीत ती मिठागरातली पोर चिंबोऱ्या पकडायला खाडीत उतरते. भरती यायला लागते. पोरीचं लक्ष नसतं. तिची आई बांधावरून हाका मारते. आई ती हाक खरीच मारायची, हात तोंडाशी धरून: "ये गो बाय! लवकर ये! वाट बघतंय मी!"

एका रात्री ती हाक आली आणि सान्वी ताटावरून उठून उभी राहिली. उजवा हात भाताने भरलेला. दाराकडे बघत.

"बस, बेटा," सुदेश म्हणाला, आणि या वेळी त्याचाही आवाज नीट नव्हता. त्याने फोन बंद केला आणि कपाटावर ठेवला. मला वाटलं, आता तो ऐकेल, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डोंबिवलीहून परतत होते. बाळकुम नाक्याला उतरले आणि फोन वाजला.

"ताई, सान्वी तुमच्याबरोबर आहे का?" निशा.

"माझ्याबरोबर? मी आत्ता उतरतेय."

"मग नाहीये. ताई, ती नाहीये."

खाली बागेत घसरगुंडीवर होती. निशा बाकावर बसून एका बाईशी बोलत होती. बघितलं तेव्हा घसरगुंडीवर दुसरीच मुलं. वॉचमन म्हणत होता एकटं मूल गेलं नाही; पण थोड्या वेळापूर्वी लग्नाला निघालेलं एक मोठं कुटुंब फाटकातून बाहेर पडलं होतं, त्यात लहान मुलं होती, किती ते त्याने बघितलं नव्हतं.

मी धावत आत आले तेव्हा सुदेश नुकताच पोचला होता आणि क्लब हाऊसच्या पोहायच्या तलावाच्या काठाने चालत होता. पाण्यात बघत. संध्याकाळचं पाणी काळं दिसत होतं, तळ दिसत नव्हता. तो गुडघ्यांवर बसला, हात पाण्यात घातला, उठला, चार पावलं पुढे गेला, पुन्हा बसला. निशा प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून सान्वीचं नाव ओरडत होती. ते नाव जिन्याच्या पोकळीतून खाली यायचं आणि शेवटचं अक्षर तुटायचं. पार्किंगमध्ये लोक मोबाइलचे दिवे लावून गाड्यांखाली वाकत होते. कोणीतरी म्हणालं, पोलीस. कोणीतरी म्हणालं, खाडीकडे कोणी गेलंय का बघायला.

खाडी. भरती.

आम्हाला शिकवलेलं एवढंच त्या क्षणी मला आठवलं: आपण कुठे शोधलं असतं ते विचारू नका, मुलाला काय माहीत आहे ते विचारा. सान्वीला काय माहीत होतं? आजी संगमेश्वरला आहे. पण संगमेश्वर कुठे ते तिला माहीत नव्हतं. आजी बोलते, बोलावते. आणि ती डोळे मिटून ऐकत होती.

मी वर घरात गेले. कपाटाखाली डायनिंगची खुर्ची ओढून ठेवलेली होती. वरचा फोन नव्हता.

मी स्वतःच्या फोनवर ती फाइल काढली. अंगठा किती वेळ वरच राहिला. मग दाबला. हॉलच्या मध्यभागी उभी राहून, सान्वीसारखे डोळे मिटून, मी पहिल्यांदा ती नीट ऐकली.

आईचा आवाज होता. तो मी बाजूला ठेवला. कसा ठेवला ते सांगता येणार नाही. त्याच्या मागे काय होतं? कोंबड्या. नळाखाली हंडा भरल्याचा आवाज. मग घंटा, दोनदा, आणि एका म्हाताऱ्या माणसाची आरोळी, "बायजा, पानी आला गो!" आणि आईचं "हां", जे सान्वीला दिलेलं उत्तर वाटायचं, ते त्या माणसाला होतं.

गावठाणातलं आमचं जुनं घर. आम्ही ओट्यावर बसून रेकॉर्ड केलं होतं, गावदेवीच्या देवळासमोर. दर मंगळवारी आई सान्वीला तिथे घेऊन जायची. त्या घंटेचा आवाज त्या पोरीने ओळखला होता. मोठी माणसं खोटं सांगतायत हे तिने शोधून काढलं होतं, आजी संगमेश्वरला नाही, पलीकडे आहे, आणि हाका मारतेय.

मध्ये तो रस्ता होता.

सुदेशला ओरडून सांगितलं आणि मी पळाले. मेट्रोच्या पत्र्यांमुळे तिथे रस्ता अरुंद झालाय. पत्र्यांच्या फटीतून माणसं एकदम समोर येतात आणि डंपरवाल्याला दिसतच नाहीत. सान्वीची उंची त्याच्या चाकाएवढी. मी रस्त्यावर बघत होते, काय बघत होते ते मला माहीत होतं: एक गुलाबी बूट, एक रिबन, थांबलेली गाडी, जमलेली माणसं. गाड्या चालू होत्या. माणसं जमलेली नव्हती. मी पलीकडे पोचले.

गावठाणाच्या गल्लीत दिवे लागले होते. आमचं घर म्हणजे दोन खोल्या. एकीत भाडेकरू, तो टेम्पो घेऊन बाहेर, दुसरी बंद. ओट्यावर सान्वी बसली होती. फोन मांडीत. समोर देवळाच्या पायरीवर धाकूकाका, आमच्या आईच्या नात्यातले, तंबाखू मळत.

"बायजाची नात ना गो?" ते म्हणाले. "मघापास्ना बसलीय. मना वाटला, आईबापूस मागून येत असतील."

मी ओट्याला धरून उभी राहिले. मग निशाला फोन लावला आणि "सापडली" म्हणाले. पलीकडून रडणं ऐकू आलं आणि मी फोन ठेवला.

सान्वी माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

"रस्ता कसा ओलांडलास?"

"एका काकूंच्या साडीला धरलं. त्यांना कळलं नाही." मग म्हणाली, "दार उघडत नाहीये. मी खूप वाजवलं. आजी वाट बघते म्हणाली, आणि आता उघडत नाहीये. आत्ये, ती रागावली का?"

"नाही."

"मी भात टाकला म्हणून?"

"नाही, सान्वी. आजी रागावलेली नाही."

मी तिच्याशेजारी बसले. तिचा हात गार होता, आणि खरचटलेला. दार वाजवून वाजवून बोटांची सालं निघाली होती. गल्लीच्या टोकाकडून धावत्या पावलांचा आवाज आला. सुदेश. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्याने तिला उचललं नाही. तो ओट्याच्या खाली गुडघ्यांवर बसला आणि तिचे दोन्ही पाय धरले.

"बाबा, आजी दार उघडत नाहीये."

"बेटा, आजी ना," त्याने सुरुवात केली. "आजी आत्ता..."

त्याचे ओठ हलत राहिले. सान्वी त्याच्या ओठांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे फोन उलटा करून बघताना असायचं.

"ताई," सुदेश म्हणाला.

एवढंच. थांब म्हणत होता की बोल म्हणत होता, मला कळलं नाही. आजही कळत नाही. मला एवढंच दिसत होतं की सांगितलं नाही तर उद्या ती पुन्हा हा रस्ता ओलांडेल. आणि सांगितलं तर कदाचित तिचा आवाज जाईल, जसा याचा गेला होता. त्या दोन भीतींमध्ये मी बसले होते.

"सान्वी, आजी आत नाहीये," मी म्हणाले.

"संगमेश्वरला आहे?"

"तिथेही नाही. आम्ही तुला ते खोटं सांगितलं."

"मग फोनवर?"

"फोनवर जुना आवाज आहे. आजी आधी बोलली होती, ते फोनमध्ये राहिलंय. ती आता बोलत नाही. तिला तुझं ऐकू येत नव्हतं, म्हणून ती उत्तर देत नव्हती. तुझं काही चुकलं नाही."

"तिला ऐकू का येत नाही?"

"तू शाळेत होतीस त्या दिवशी आजी पडली. आपल्या छातीत धकधक होतं ना, ते तिचं थांबलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केला. ते परत सुरू झालं नाही. ते थांबलं की माणूस ऐकत नाही, बोलत नाही, चालत नाही. त्याला भूक लागत नाही, दुखत नाही."

सान्वी विचार करत होती. कपाळावर बारीक आठी. "आमच्या शाळेतलं कासव मेलं. हलत नव्हतं. तसं?"

सुदेशच्या घशातून एक आवाज निघाला.

"तसंच," मी म्हणाले.

"आजी मेली?"

मी मान हलवली. तिने हे इतक्या साध्या आवाजात विचारलं होतं की मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. ती आता रडेल, किंवा गप्प होईल, कायमची. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. सुदेशही. समोर धाकूकाकांचे हात तंबाखूवर थांबलेले.

ते ओठ उघडले. खालचा थरथरत होता.

"परत कधीच नाही येणार?"

"नाही."

मग ती रडली. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, नाक-डोळे एक करून. सुदेशने तिला छातीशी घेतलं आणि तोही, मडक्यापासून धरून ठेवलेलं सगळं सोडून, तसाच रडला. मी बाजूला बसून होते. माझे डोळे कोरडे होते. मला अजून भीती वाटत होती, आणि ती आता सान्वीसाठी नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने बापाच्या खांद्यावरून डोकं वर काढलं. माझ्याकडे पाहिलं. हुंदके येत होते, पण त्यांतूनही ती काहीतरी जुळवत होती.

"आत्ये. आजी तुझी आई होती ना?"

"हो."

"मग तुझी आई कुठाय आता?"

सुदेश म्हणाला, "सान्वी, पुरे." पण ती माझ्याकडेच बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं, आणि तिथे निशा नव्हती जिच्याकडे मी बघू शकले असते.

"मेली," मी म्हणाले. आवाज नीट आला नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने.

"माझी आई मेली."